गरवायला जाताना पिशवीत काय काय हवं

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवर पहिल्यांदा एकटा गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, गेलो तेव्हा माझ्याकडे नवा रॉड होता, नवं रीळ होतं, रंगीत खोट्या माशांचा डबा होता आणि पक्कड नव्हती. पहिल्याच तासात शेंगटी लागली. वीतभर मासा, पण गळ पार घशात गिळलेला. डाव्या हातात मासा धरून उजव्या हाताने गळ सोडवायला गेलो, तो वळवळला आणि त्याच्या कल्ल्यामागचा काटा माझ्या अंगठ्याच्या बुडाशी घुसला. कळ मनगटातून कोपरापर्यंत चढत गेली. शेजारी गरवत बसलेले एक आजोबा मला हाताला धरून चहाच्या टपरीवर घेऊन गेले. तिथे गरम पाण्यात गार पाणी घालून, सोसेल इतपत करून, त्यात हात बुडवून बसवलं. अर्ध्या-पाऊण तासाने कळ ओसरली.

मग त्यांनी आपली पिशवी उघडून दाखवली. सुतळीने बांधलेली पक्कड, नखकटर, औषधाच्या गोळ्यांच्या डबीत गळ, जुन्या पंचाचा तुकडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी. म्हणाले, "रॉड मोडला तर हातदोरीने गरवता येतं रे. पक्कड नसली तर काय करणार होतास?"

त्या पिशवीसारखी पिशवी जमवायला मला दोन-तीन वर्षं लागली. तुम्हाला ती एका दुपारी जमवता यावी म्हणून हे लिहितोय. हे सगळं खाडीच्या काठावरून, जेट्टीवरून, पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) किंवा खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकांवरून) गळाने मासे धरणाऱ्या नवख्यांसाठी आहे.

१. आधी पिशवी

दोन्ही हात मोकळे राहतील अशी पिशवी घ्या. खांद्यावरून तिरकी अडकवायची किंवा कमरेला बांधायची. पाठीवरची सॅक प्रत्येक वेळी काढून खाली ठेवावी लागते, आणि खाली ठेवलेली वस्तू लाट घेऊन जाते. पिशवीच्या तळाला दोन-तीन भोकं पाडा म्हणजे आत आलेलं खारं पाणी साचत नाही. सोबत रंगाची रिकामी दहा लिटरची बादली न्या. तिच्यात आमिष राहतं, मासे राहतात आणि पालथी घातली की बसायलाही होते.

२. पक्कड

पक्कड लांब, निमुळत्या तोंडाची हवी, आणि बुडाशी तार कापायची धार असलेली. माझी हार्डवेअरच्या दुकानातली साधी आहे. महागडी, फक्त मासेमारीसाठी म्हणून विकली जाणारी घ्यायची अजिबात गरज नाही, मात्र साधी पक्कड दरवेळी धुवून तेल लावून ठेवावी लागते. तिला हातभर सुतळी बांधून दुसरं टोक पिशवीच्या बंदाला बांधा. ओल्या, माशाच्या चिकट हातातून पक्कड सुटतेच, आणि खडपाच्या फटीत गेलेली पक्कड परत मिळत नाही.

गळ सोडवण्याशिवाय पक्कडीचं आणखी एक काम नवखे सहसा करत नाहीत. गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो, तो घरीच पक्कडीने दाबून सपाट करा. असा गळ माशाच्या तोंडातून अलगद निघतो, छोटा मासा धड परत सोडता येतो, आणि तुमच्याच बोटात घुसला तर जसा गेला तसा बाहेर येतो. मासे सुटतात का? दोरी ताणलेली ठेवली तर फारसे नाहीत. शिकत असताना तरी सगळे गळ असेच वापरा.

३. कापायच्या वस्तू

नखकटर दोरीत ओवून गळ्यात घाला. गाठ मारल्यावर उरलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, कापायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. दातांनी तोडू नका. दात झिजतात, टोक पिचतं आणि गाठ सरकते. विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड, वापरत असाल तर नखकटर पुरत नाही, छोटी धारदार कात्री लागते.

आमिष कापायला म्यान असलेली लहान सुरी आणि वीतभर फळकुटाचा तुकडा. खडपावर किंवा तळहातावर आमिष कापू नका. सुरी उघडी पिशवीत टाकणं हा तर अपघाताला सरळ निमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडं तंगूस घासून तापतं आणि तिथेच अशक्त होतं. मोठा मासा सुटल्यावर दोरीचं टोक बारीक वळ्यांसारखं कुरळं झालेलं दिसलं, तर समजा दोरी तुटली नाही, गाठ सुटली. गळाच्या दांड्याभोवती पाच-सहा वेढे घेऊन मारायची एकच गाठ नीट शिका आणि घरी पन्नास वेळा मारून बघा. अंधारात, वाऱ्यात, ओल्या हातांनी ती मारता आली पाहिजे.

४. गळ, शिसं आणि फिरक्यांची डबी

इथे नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गळांचे नंबर दोन दिशांनी चालतात. साध्या नंबरात आकडा वाढला की गळ लहान होतो, म्हणजे ८ नंबरचा गळ २ नंबरच्या गळापेक्षा लहान. आकड्यापुढे तिरकी रेघ आणि शून्य असेल तर उलट, ३/० हा १/० पेक्षा मोठा. दुकानात नुसतं "तीन नंबरचा द्या" म्हणालात तर भलताच गळ हातात पडेल. खाडीतल्या काळुंदराचं तोंड चिमुकलं असतं, त्याला ८ ते १० नंबर लागतो. मी सुरुवातीला १/० लावून दिवसभर बसायचो आणि काळुंदरं आमिष टोकरून निघून जायची. तांबोशीसाठी १/० ते ३/०. बाकी सगळ्या गळांचं दुकान खांद्यावर घेऊन फिरू नका. दोन मापं, प्रत्येकी दहा-बारा गळ, बास.

ठेवायला मेडिकलच्या दुकानात मिळते ती आठवड्याच्या गोळ्यांची सात खणांची डबी घ्या. एका खणात लहान गळ, दुसऱ्यात मोठे, मग फिरक्या (दोरीला पीळ बसू नये म्हणून लावायची फिरती कडी), मणी, बारीक शिसं (गळ बुडवायचं वजन). एक खण रिकामा सोडा, तो वापरलेल्या गळांसाठी. खाऱ्या पाण्यातून आलेला एक ओला गळ डबीत परत टाकलात तर आठवड्यात बाकीच्यांनाही गंज धरतो. वापरलेले गळ घरी गोड्या पाण्याने धुवून, वाळवून मगच आत. बुटांच्या खोक्यात येणारी ओल शोषणारी पुडी डबीत घातली तर उत्तम.

फिरकी न लावणं ही दुसरी नेहमीची चूक. ओढीत आमिष गरगर फिरतं आणि दोरीला पीळ बसतो. थोड्या वेळाने रिळावर असा गुंता होतो की कापूनच टाकावा लागतो. मुख्य दोरीला फिरकी, फिरकीला हात-दीड हात लांबीचं जाड तंगूस आणि त्याला गळ, एवढी साधी मांडणी ठेवा. पुढचा तुकडा जाड हवा कारण तांबोशीला सुळे असतात, आणि लागल्याबरोबर ती खडकाच्या कपारीत घुसते. तिथल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मी ३० ते ४० पाउंडांचा ताण सोसणारं तंगूस एका जुन्या पुठ्ठ्याला गुंडाळून नेतो.

शिसं वेगवेगळ्या वजनांचं न्या. भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी खाडीला ओढ जास्त असते तेव्हा जड, पाणी थांबलं की हलकं. खडपात शिसं अडकून जातंच. म्हणून शिसं मुख्य दोरीपेक्षा कच्च्या दोरीने बांधा, म्हणजे तेवढंच तुटेल आणि गळासकट मासा वाचेल. शिसं विषारी असतं. दाताने दाबू नका, आणि हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

५. मासा धरायला आणि गळ सोडवायला

पंचाचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा ओला करून मासा धरायचा. कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि मग सोडलेला मासाही जगण्याची शक्यता कमी होते. डाव्या हाताला रबराचा थर असलेला कामगारांचा हातमोजा घाला.

गळ खोल गिळला असेल तर पक्कड पोचत नाही. त्यासाठी बांबूची वीतभर काडी घ्या, तिच्या टोकाला बारीक खाच पाडा आणि कडा घासून गुळगुळीत करा. दोरी ताणून धरायची, काडीची खाच दोरीवरून सरकवत गळाच्या वळणापर्यंत न्यायची, थोडं आत ढकलायचं म्हणजे रुतलेलं टोक सुटतं, मग काडीसकट बाहेर. मासा परत सोडायचा असेल आणि गळ तरीही निघत नसेल, तर ओढाताण करू नका. दोरी तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या.

चार जीवांना मात्र हात लावायचा नाही, नुसती दोरी कापायची किंवा लांबूनच पक्कडीने काम करायचं:

- शेंगटी, म्हणजे काही ठिकाणचा शिंगाळा: पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन करवती काटे.
- पाकट: शेपटीवर विषारी काटा. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या, म्हणजे पाकट आधीच पळून जातं.
- केंड: फुगून चेंडूसारखा होतो, तारेसारखा गळही चोचीने चावतो. हा मासा खायचा नाही. त्याचं विष शिजवल्याने जात नाही.
- समुद्री साप: नवख्यांना ती वाम (सापासारखा लांब मासा) वाटते. शेपटी बघा. वल्ह्यासारखी चपटी असेल तर साप.

६. थर्मास आणि औषधांची पुडी

टपरीवरच्या त्या गरम पाण्यापासून मी थर्मासशिवाय बाहेर पडत नाही. चहा वेगळ्या बाटलीत, थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी. शेंगटीच्या आणि पाकटाच्या काट्यातलं विष उष्णतेने निकामी होतं, त्यामुळे जखम सोसेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवली की वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या, धडक्या हाताने तपासा. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. त्यानंतर डॉक्टरकडे जायचंच. काट्याचा तुकडा आत राहतो, जखम चिघळते, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. पाकटाचा काटा छातीत किंवा पोटात घुसला तर तो उपसू नका, तसंच हॉस्पिटल गाठा.

बोटात गळ रुतला तर आधी दोरी कापा, म्हणजे दुसरीकडून ओढ बसणार नाही. उलटा काटा दाबलेला असेल तर गळ आला त्याच वाटेने निघतो. नसेल दाबलेला आणि खोल असेल, किंवा सांध्याजवळ, डोळ्याजवळ असेल, तर तिथेच पट्टी गुंडाळा आणि दवाखान्यात जा.

पुडीत जंतुनाशक मलम, पट्ट्या, चिकटपट्टी, तुमची रोजची औषधं आणि मीठ-साखरेच्या दोन पुड्या एवढं पुरे. ऑक्टोबरात खडपावर उन्हाने चक्कर येते, त्यासाठी त्या पुड्या. पिण्याचं पाणी दोन लिटर.

७. उजेड, शिट्टी, पाय

डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. हातातली टॉर्च घेतलीत तर गळ सोडवताना ती तोंडात धरावी लागते. सेल जास्तीचे. उजेड पाण्यावर फिरवत राहू नका, जवळ आलेले मासे बिचकतात आणि शेजारी गरवणाऱ्यांना रागही येतो. शिट्टी गळ्यात. लाटांच्या आवाजात हाक वीस पावलांपलीकडे जात नाही. फोन हवाबंद पिशवीत. आणि निघताना घरी नेमकी जागा आणि परतायची वेळ सांगून जा. नुसतं "खाडीवर जातोय" म्हणून चालत नाही.

पायात चपला नकोत. रबरी तळाचे, पायाला घट्ट बसणारे बूट घाला. हिरव्या-काळ्या शेवाळावरून पाय घसरला की माणूस कालवांवर आपटतो. खोल पाण्याच्या कडेला बसणार असाल तर लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी.

खडपावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं बघत उभे राहा. बऱ्याच लहान लाटांनंतर एखादी मोठी येते. तिने ओला केलेला खडक म्हणजे तुमची जागा नव्हे. समुद्राला पाठ करून आमिष लावू नका.

रॉड ग्रॅफाइटचा असेल तर त्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली तो उभा धरू नका, आणि ढग गडगडू लागले की आडवा ठेवून निघा.

८. भरतीचा हिशोब

ही वस्तू नाही, पण पिशवीतल्या सगळ्यापेक्षा हिचा उपयोग जास्त. फोनवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, ते कागदावर लिहून पिशवीत ठेवा, कारण खाडीच्या वळणावर रेंज जाते. काहीच हाताशी नसेल तर कोकणात चालत आलेला हिशोब आहे: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. हा अंदाज आहे, जागेगणिक पुढे-मागे होतो आणि खाडीत आत पाणी उशिरा पोचतं.

दररोज भरती साधारण ५० मिनिटं पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढ-उतार कमी.

नवखा फसतो तो इथे. ओहोटीला चालत चालत पुढच्या खडपावर जातो, मासे लागायला लागतात, आणि मागची वाट बुडते. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं. मी येताना वाटेतल्या सखल जागेचा एक ठरावीक दगड बघून ठेवतो. पाणी त्या दगडाला लागलं की मासा लागलेला असला तरी दोरी गुंडाळतो.

९. धरलेल्या माशाची काळजी

थर्माकोलचा छोटा खोका आणि बर्फ. बर्फ मिळाला नाही तर घरी पाण्याच्या बाटल्या गोठवून न्या. वितळल्यावर ते पाणी पिताही येतं. मासा उन्हात पडून राहिला की चव जाते, आणि बांगड्यासारख्या माशात तर असे घटक तयार होतात की खाणाऱ्याला गांधी उठतात, डोकं दुखतं. शिजवूनही ते जात नाहीत.

शिंप्याची मोजपट्टी पिशवीत ठेवा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये माशांच्या ५४ जातींसाठी, ज्याहून लहान मासा पकडू नये, असं माप ठरवून दिलं आहे. माझा स्वतःचा नियम त्याहून सोपा: वीतभराहून लहान तांबोशी परत पाण्यात. पावसाच्या तोंडावर वहाळातून (ओढ्यातून) चढणारे मासे गाबोळीने (अंड्यांनी) भरलेले असतात, ते मी धरत नाही.

१०. कागदपत्रं आणि विचारपूस

सोबत आधार कार्ड किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र ठेवा, फोनमध्ये आणि प्रत्यक्षही. किनाऱ्यावर पोलिस विचारतात, आणि कुणाच्या होडीतून गेलात तर ते लागतंच. बंदराच्या, कंपन्यांच्या जेट्टीच्या आणि किल्ल्यांच्या परिसरात आधी विचारा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे स्थानिकांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. तलाव आणि धरणांवर मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. त्यांच्याकडून परवानगी घ्या, पावती मागा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. काठावरून गळ टाकणारा त्यात येत नाही, पण त्या दोन महिन्यांत उघड्या समुद्राच्या खडपावर जाऊच नका. खाडीत आत बसा.

आणि कोळी बांधवांची जाळी लागलेली असतील तिथे गळ टाकू नका. गळाने फाडलेलं जाळं दुरुस्त करायला त्यांचा अख्खा दिवस जातो. जाऊन "काका, इथे बसलो तर चालेल का?" एवढं विचारलंत तर चांगली जागाही तेच दाखवतात.

११. निघताना आणि घरी आल्यावर

तंगूसाचे तुकडे गोळा करायला झाकणाची रिकामी बाटली ठेवा. खडपावर टाकलेलं तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. पांढऱ्या बगळ्याच्या पायाला ते गुंडाळलेलं मी जवळून पाहिलं आहे. पाय सुजून काळा पडला होता आणि बगळा एका पायावर उड्या मारत होता. तेव्हापासून दुसऱ्यांनी टाकलेलंही बाटलीत भरतो आणि घरी आणून बारीक कापून कचऱ्यात टाकतो.

घरी आल्यावर जेवणाआधी साहित्य धुवायचं, नंतर राहून जातं. रीळ नळाखाली जोरात धरू नका, दाबाने मीठ आत शिरतं. ड्रॅग (किती ताणाला दोरी सुटावी हे ठरवणारी रिळावरची चावी) आवळून हलकी धार सोडा, पुसा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत वाळवा. रॉडच्या कड्यांमधून कापूस फिरवा. कापूस अडकला तर तिथे चर पडली आहे, ती दोरी कापेल, कडी बदला. सुरी पुसून खोबरेल लावा. पक्कड उघडमीट करत सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडा, सुतळीची गाठ ओढून बघा आणि तिला पिशवीच्या बंदाला परत बांधून ठेवा.